मॅकहीथची माफी

सुरुवातीलाच तुम्हाला एक प्रश्न विचारते. तुम्ही तिकीट काढून संगीत नाटकाला बसला आहात. नायक दरोडेखोर आहे. दिसायला देखणा, गळ्यानं गोड, बायकांशी लाघवी आणि एकाही बाईशी प्रामाणिक नाही. तीन अंकभर त्यानं तुम्हाला हसवलंय. आता त्याला फाशी होणार आहे. गुन्हे त्यानं केलेले आहेत, शिक्षाही रीतसर झाली आहे. नेमक्या त्या क्षणी नाटक थांबतं आणि नाटककार विचारात पडतो: याला लटकवू, की तुमच्या आवडीखातर सोडून देऊ? तुम्ही काय सांगाल?

घाईनं उत्तर देऊ नका. जॉन गे नावाच्या लेखकानं हा प्रश्न लंडनमध्ये १७२८ साली विचारला आणि तेव्हापासून ज्यानं ज्यानं हे नाटक हाती घेतलं त्याला स्वतःचं उत्तर द्यावं लागलं. सिनेमावाल्यांना तर फारच. नाटकाचं नाव 'द बेगर्स ऑपेरा', म्हणजे भिकाऱ्याचा ऑपेरा. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी या एकाच गोष्टीवरचे जितके चित्रपट मिळाले तितके आम्ही ओळीनं पाहिले. मी, नवरा आणि सुट्टीला घरी आलेली लेक. प्रत्येक चित्रपटानंतर भांडण झालं आणि दर वेळी ते शेवटावरूनच झालं. त्या भांडणांचं सार तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही माझ्या बाजूनं व्हाल अशी आशा आहे, पण खात्री नाही.

आधी मूळ गोष्ट थोडक्यात. पीचम हा चोरीचा माल घेणारा माणूस. चोर पाळायचे, त्यांच्याकडून माल घ्यायचा आणि एखादा निरुपयोगी झाला की त्यालाच पकडून देऊन सरकारकडून चाळीस पौंडांचं बक्षीस घ्यायचं, असा त्याचा दुहेरी धंदा. त्याला नमुनाही खराखुरा होता. जोनाथन वाइल्ड नावाचा असाच एक 'चोर पकडणारा' १७२५ साली फासावर गेला होता. या पीचमची मुलगी पॉली कॅप्टन मॅकहीथ या दरोडेखोराशी गुपचूप लग्न करते. आईबापांना धक्का बसतो तो जावई दरोडेखोर आहे म्हणून नव्हे, तर मुलीनं चक्क लग्न केलं म्हणून! मग ते ठरवतात की त्याला पकडून द्यावा, म्हणजे मुलगी विधवा होईल आणि त्याची मिळकत घरात येईल. मॅकहीथ पकडला जातो. तुरुंगाधिकारी लॉकिटची मुलगी ल्यूसी हीसुद्धा त्याच्यावर भाळलेली असते. ती त्याला पळवून लावते, पण तो पुन्हा सापडतो. शेवटी फाशीची वेळ येते तेव्हा आणखी चार बायका कडेवर एकेक मूल घेऊन दारात उभ्या राहतात. ते पाहून कॅप्टनसाहेब म्हणतात, चला बुवा, आता मी फाशीला तयार आहे!

आणि इथेच तो प्रश्न येतो. नाटकाचा 'लेखक' म्हणून एक भिकारी सुरुवातीला रंगमंचावर आलेला असतो. शेवटी एक नट त्याला विचारतो की तुम्ही याला खरंच फाशी देणार का? भिकारी म्हणतो, अर्थात, न्याय व्हायला नको? नट म्हणतो, अहो, ऑपेराचा शेवट गोड असतो, लोकांना हे चालणार नाही. भिकारी लगेच मान डोलावतो. असल्या नाटकांत काहीही कसंही घडलं तरी चालतं, मग धावा आणि माफी झाली म्हणून ओरडा. जाता जाता तो एवढं मात्र म्हणून घेतो की मूळ शेवट ठेवला असता तर त्यातून छान बोध मिळाला असता: गरिबांत श्रीमंतांइतकेच दुर्गुण असतात, फक्त शिक्षा गरिबांना होते.

हे लिहिताना गेचा रोख कुणावर होता ते लंडनमध्ये सगळ्यांना कळत होतं. पंतप्रधानपदी रॉबर्ट वॉलपोल होते आणि सत्तेतल्या माणसांना माफी कशी मिळते हे लोक डोळ्यांनी पाहत होते. लिंकन्स इन फील्ड्सच्या थिएटरात २९ जानेवारी १७२८ रोजी पहिला प्रयोग झाला आणि त्या हंगामात ६२ प्रयोग झाले. त्या काळात ही संख्या थक्क करणारी होती. गेनं पुढचा भाग लिहिला, 'पॉली' नावाचा, तर त्याच्या प्रयोगावर बंदी आली.

आता एक गोष्ट मला मराठी वाचकांना मुद्दाम सांगायची आहे, कारण ती आपल्याइतकी पटकन कुणाला कळणार नाही. मी मूळची सांगलीची. आमच्या आजीच्या कपाटात जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं होती. त्यातल्या पदांच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चाल' लिहिलेली असायची, म्हणजे हे पद अमुक चिजेच्या किंवा तमुक गाण्याच्या चालीवर म्हणा. लहानपणी मला वाटायचं, ही काय फसवाफसवी, दुसऱ्याची चाल घेऊन आपले शब्द! 'द बेगर्स ऑपेरा'चं पुस्तक पहिल्यांदा उघडलं आणि मी हसायलाच लागले. त्यात ६९ गाणी आहेत आणि जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर जुन्या गाण्याचं नाव आहे. तीच ती 'चाल'! लोकांच्या तोंडी असलेली गाणी, रस्त्यावरची, दारूच्या गुत्त्यातली. दरोडेखोर मोहिमेवर निघतात तेव्हाची चाल तर हँडलच्या 'रिनाल्दो' या ऑपेरातल्या लष्करी संचलनाची आहे. उमरावांच्या करमणुकीचं संगीत चोरांच्या तोंडी घातलं, तेव्हा प्रेक्षकांना काय गुदगुल्या झाल्या असतील! श्रोत्याच्या कानात जुने शब्द वाजत असतात आणि समोर नवे शब्द येतात. गंमत त्या दोन्हींच्या मधल्या फटीत असते.

म्हणूनच या नाटकाचा सिनेमा करणं अवघड. चाली दोनशे-तीनशे वर्षांनी कुणाच्या कानात उरलेल्या नसतात. आणि दुसरी अडचण आपल्याला ठाऊक असलेलीच: संगीत नाटकात गाणं सुरू झालं की गोष्ट थांबते आणि प्रेक्षक खूश होतो, वन्स मोअर देतो. कॅमेऱ्याला मात्र थांबायला आवडत नाही. पडद्याला वन्स मोअर देऊन उपयोग काय?

आम्ही पहिला पाहिला तो १९३१चा जर्मन चित्रपट. त्याआधीची हकिगत अशी. लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये १९२० साली नायजेल प्लेफेअरनं 'बेगर्स ऑपेरा' पुन्हा उभा केला आणि तो १,४६३ प्रयोग चालला. ही वार्ता बर्लिनला पोचली. एलिझाबेथ हाउप्टमान या बाईंनी नाटक जर्मनमध्ये आणलं, बेर्टोल्ट ब्रेख्तनं त्याचं स्वतःचं नाटक केलं आणि कुर्ट वाइलनं जुन्या चाली सोडून जवळजवळ सगळं संगीत नव्यानं बांधलं. हाच तो 'थ्री पेनी ऑपेरा', ऑगस्ट १९२८, मूळ नाटकानंतर बरोबर दोनशे वर्षांनी. ब्रेख्तनं माफीचा प्रश्न कसा सोडवला? त्यानं माफी आणखी हास्यास्पद केली. राणीच्या राज्यारोहणाचा दिवस, म्हणून घोड्यावरून दूत येतो आणि मॅकहीथला नुसतं सोडत नाही, तर वंशपरंपरागत सरदारकी, राहायला किल्ला आणि वर्षाला दहा हजार पौंडांचं निवृत्तिवेतन देऊन जातो! म्हणजे प्रेक्षकांना गोड शेवट हवा आहे ना, मग घ्या, पोट बिघडेपर्यंत घ्या.

जी. डब्ल्यू. पाब्स्टनं यावर चित्रपट काढायला घेतला तेव्हा ब्रेख्तनं पटकथेत आपलं नाटकच बदलायला सुरुवात केली होती. निर्मात्यांशी बिनसलं आणि ब्रेख्त आणि वाइल दोघेही कोर्टात गेले. वाइलच्या बाजूनं निकाल लागला, ब्रेख्तच्या विरुद्ध. चित्रपट तयार झाला, पण बरीचशी गाणी गळाली. तरीही तो पाहाच. धुक्यात बुडालेलं बंदर, ओले दगडी रस्ते, सगळं स्टुडिओत उभारलेलं, आणि वाइलची बायको लोटे लेन्या जेनीच्या भूमिकेत. ती खिडकीशी जवळजवळ स्थिर उभी राहून गाते आणि कॅमेरा पहिल्यांदाच गुमान थांबतो. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३मध्ये चित्रपटावर बंदी आली.

शेवट काय, ते सांगते. घोडेस्वार येतच नाही. मॅकहीथ तुरुंगात असताना पॉली टोळीचा पैसा घेऊन चक्क बँक काढते. मॅकहीथ सुटतो तो थेट बँकेचा संचालक होऊन. सासरा पीचम आणि पोलीसप्रमुख, दोघेही भांडण विसरून त्या बँकेत येतात. बाहेर भिकाऱ्यांचा मोर्चा अंधारात विरून जातो. गंमत अशी की बँकेची ही कल्पना ब्रेख्तच्याच मसुद्यातून आलेली होती! नवऱ्याचा हा आवडता शेवट. तो स्वतः बँकेत नोकरीला असल्यामुळे त्याचं हसणं जरा जास्तच होतं.

"यात माफीची गरजच संपते," तो म्हणाला. "पैसा असला की माफी मागायला लागत नाही."

खरं आहे. पण मला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. प्रेक्षकाला विचारलेला प्रश्नच गेला. आम्ही नुसते बघे उरलो, जबाबदारी सगळी पडद्यावरच्या माणसांची.

दुसरा चित्रपट १९५३चा, पीटर ब्रुकचा. आपल्याकडे ब्रुक म्हटलं की 'महाभारत' आठवतं. हा त्याचा पहिला चित्रपट. रंगीत, घोड्यांच्या दौडीनं सुरू होणारा, आणि मॅकहीथ कोण, तर लॉरेन्स ऑलिव्हिए! संगीताची मांडणी सर आर्थर ब्लिस यांची. बाकीच्या बहुतेकांना ऑपेराच्या गायकांचे उसने आवाज आहेत. ऑलिव्हिए आणि लॉकिट झालेला स्टॅन्ले हॉलोवे मात्र स्वतः गातात. उसन्या आवाजांची सवय आपल्या कानांना जन्मापासून असते, त्यामुळे मला त्यात काही खटकलं नाही. उलट ऑलिव्हिएचा साधा, थोडा कमी पडणारा आवाज आवडला. त्या वेळी चित्रपट चालला नाही.

ब्रुकनं शेवटासाठी एक गोड युक्ती केली आहे. भिकारी आपलं ऑपेराचं बाड घेऊन न्यूगेट तुरुंगात येऊन पडतो. तिथे त्याला भेटतो साक्षात खरा मॅकहीथ, साखळदंडांत, फाशीच्या तारखेची वाट बघणारा. कैद्यांपुढे ऑपेरा उलगडतो आणि त्यात मॅकहीथ फाशीच्या दिशेनं निघतो, तेव्हा खरा मॅकहीथ वैतागतो: एकदा खरोखर मरायचंच आहे, गाण्यात तरी कशाला मारता? भिकारी गडबडतो आणि माफी, माफी म्हणून ओरडतो. सगळे कैदी तोच घोष सुरू करतात. पहारेकऱ्यांना काही कळेना होतं आणि त्या गोंधळात खरा मॅकहीथ पसार होतो.

हे पाहून मी टाळी वाजवली. लेक म्हणाली, "आई, तू इतकी खूश का झालीस?"

तर त्याचं कारण सांगायला हवं. आम्ही इंग्लंडला आलो २००४ साली. कुशल मनुष्यबळासाठी तेव्हा एक योजना होती, त्यातून मी आले, नवरा माझ्यामागून आला. कागदावर स्पष्ट होतं की काही वर्षं नीट काम करा, मग कायमचं राहता येईल. सांगलीतलं घर आवरून, चांगली नोकरी सोडून आम्ही आलो ते त्या कागदाच्या भरवशावर. मग २००६च्या नोव्हेंबरमध्ये मुदतवाढीचे नियम बदलले आणि ते आधी आलेल्यांनाही लागू झाले. वय, पदवी आणि मागच्या वर्षाची कमाई यांचे गुण. मी त्याच वर्षी बाळंतपणाच्या रजेवर होते. कमाईच्या रकान्यात माझे गुण कमी पडत होते. मांडीवर ही लेक आणि समोर कॅल्क्युलेटर! कितीही वेळा बेरीज केली तरी आकडा तोच.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नाशिकचं एक जोडपं होतं. त्यांचीही तीच गत. त्यांची मुदत आमच्या आधी संपत होती. २००७च्या उन्हाळ्यात त्यांनी सामान बांधलं. जाताना तिनं मला तिचा प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं आणि अर्धा डबा गोडा मसाला दिला. "तुमचं होईल गं काहीतरी," म्हणाली. आमचंच होईल आणि तिचं का नाही, याला काहीच कारण नव्हतं. फक्त तारखा वेगळ्या होत्या.

आणि आमचं झालं. आमच्यासारख्याच लोकांनी वर्गणी काढून, वकील करून खटला घातला होता. आम्हीही त्यात थोडे पैसे दिले होते. २००८च्या एप्रिलमध्ये न्यायालयानं निकाल दिला की आधी आलेल्यांना बदललेले नियम लावणं बेकायदा आहे. मी ती बातमी ऑफिसातल्या संगणकावर वाचली, उठून जिन्यात गेले आणि तिथल्या पायरीवर बसून राहिले. घोडेस्वार आला होता. फरक इतकाच की तो राणीनं पाठवलेला नव्हता. तो आम्हीच, कैद्यांनीच ओरडून बोलावलेला होता. म्हणून ब्रुकच्या त्या तुरुंगातल्या घोषाला मी टाळी वाजवली.

आता तुम्हाला वाटेल, मग हाच शेवट हिचा आवडता. थांबा. अजून जोनाथन मिलर बाकी आहे.

मिलरनं १९८३ साली बीबीसीसाठी हा ऑपेरा केला. तो चित्रपटगृहातला नव्हे, दूरदर्शनसाठीचा. मॅकहीथ झालाय 'द हू' या रॉक बँडचा रॉजर डाल्ट्री, आणि भिकारी बॉब हॉस्किन्स. (हाच डाल्ट्री पुढे १९८९च्या 'मॅक द नाइफ' या चित्रपटात रस्त्यावरचा गायक झाला, तिथे मॅकहीथ राउल जुलिया होता.) गाणी मूळ चालींवर, वेशभूषा त्या काळातली, आणि सव्वादोन तासांच्या आसपास तुम्ही त्या जगात निवांत बसता. मग शेवट येतो आणि मिलर माफी रद्द करतो. मॅकहीथला फाशी होते.

आमच्या दिवाणखान्यात कुणी काही बोललं नाही. नंतर नवरा म्हणाला, "हेच बरोबर आहे. बाकी सगळे पळवाटा शोधतात. त्या काळात टायबर्नला जाऊन कोण परत येत होतं?"

टायबर्न म्हणजे आजचा मार्बल आर्चचा परिसर. फाशीचं खोड जिथे उभं होतं ती जागा दाखवणारी गोल खूण तिथे वाहतुकीच्या मधल्या बेटावर जमिनीत बसवलेली आहे. मी तिथून बसनं अनेकदा जाते. लोक त्यावरून खरेदीच्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडतात. न्यूगेटचा तुरुंगही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडला आणि त्या जागी ओल्ड बेलीचं कोर्ट उभं राहिलं. तेव्हा नवऱ्याचं म्हणणं इतिहासाला धरून आहे, हे कबूल.

पण मला मिलरचा शेवट पटला नाही, आणि का ते शोधायला मला दोन दिवस लागले. फाशी दाखवली की आपण हळहळतो. हळहळलो की आपल्याला वाटतं आपण चांगले आहोत, व्यवस्था वाईट आहे. घरी जाऊन जेवतो. गेनं मात्र आपल्याला असं सुटू दिलं नव्हतं. त्यानं माफी दिली आणि वर सांगितलं की ही तुमच्या आवडीसाठी दिली, खऱ्या आयुष्यात अशी मिळत नाही, गरिबाला तर नाहीच. हसत हसत घरी निघालेल्या प्रेक्षकाच्या खिशात त्यानं हा खडा टाकून दिला.

लेकीनं मात्र आमचं दोघांचं ऐकून घेतलं आणि तिसरंच विचारलं. "पण बाकीच्यांचं काय?"

"कुठले बाकीचे?"

"पहिल्या प्रवेशात तो पीचम वही घेऊन बसलाय ना, त्यातले."

मी पुस्तक काढलं. खरंच होतं. नाटकाच्या सुरुवातीलाच पीचम हिशेब करत असतो, कुणाला वाचवायचं आणि कुणाला नाही. अमकी बाई हुशार आहे, कामाची आहे, तिच्याविरुद्धचा पुरावा जरा मऊ करू. मग टॉम गॅगचं नाव निघतं. आळशी कुत्रा, पीचम म्हणतो, याला काही माफी नाही. आणि टॉम गॅगच्या नावापुढे चाळीस पौंड जमा लिहितो. संपलं. टॉम गॅग रंगमंचावर येतच नाही. त्याला गाणं नाही, त्याच्यामागे पॉली नाही, ल्यूसी नाही. त्याच्या फाशीबद्दल कुठला नट लेखकाशी भांडत नाही. नाटकाच्या पहिल्या पानावर एकाला माफी नाकारली जाते आणि शेवटच्या पानावर दुसऱ्याला बहाल होते, आणि मी इतक्या वेळा पाहून, वाचून मधला धागा माझ्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं दाखवावा लागला.

त्या रात्री मला नाशिकची ती आठवली. तिचा कुकर अजून माझ्या ओट्यावर आहे, शिट्टी दोनदा आणि रबर कितीदा बदललं त्याचा हिशेब नाही. न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मी तिला फोन केला होता. तिनं मनापासून अभिनंदन केलं. तोवर त्यांनी तिकडे नोकऱ्या धरल्या होत्या, घराची आगाऊ रक्कम भरली होती, मुलाला शाळेत घातलं होतं. परत येणं शक्य होतं की नव्हतं, यावर आम्ही दोघीही बोललो नाही. तिचं वाईट झालं असं मी म्हणत नाही. कदाचित आमच्यापेक्षा बरंच झालं असेल. पण निवड तिची नव्हती, एवढं खरं.

आम्ही शेवटी पाहिला तो चेक चित्रपट, यिर्झी मेन्झेलचा, १९९१चा. तो वाक्लाव हावेलच्या नाटकावर आहे. हावेलनं गेचीच गोष्ट घेऊन, गाणी काढून टाकून, हे नाटक लिहिलं. प्रागच्या बाहेरच्या होर्नी पोचेर्निट्से भागातल्या एका खाणावळीच्या सभागृहात हौशी नटांनी १९७५च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा एकच प्रयोग केला आणि त्यात भाग घेतलेल्यांमागे पोलीस लागले. हावेलचा शेवट सगळ्यांत थंडगार आहे. मॅकहीथला फाशी होत नाही आणि माफीही मिळत नाही. त्याला नोकरी मिळते! पोलीसप्रमुख म्हणतो, आमच्यासाठी काम कर, आणि तो हो म्हणतो. ज्याला त्याला वाटत असतं की आपणच दुसऱ्याला वापरतोय. चित्रपट निघाला तोवर हावेल देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला होता. ऐनवेळच्या माफीची याहून मोठी गोष्ट कुठल्या नाटककाराच्या वाट्याला आली असेल?

आता आपल्या मराठीकडे येते. पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी'नंतर तीनच वर्षांत, १९७८ साली, ब्रेख्तच्या वाटेनं हीच गोष्ट मराठीत आणली, 'तीन पैशाचा तमाशा'. थिएटर ॲकॅडमी, दिग्दर्शक जब्बार पटेल. माझ्या बाबांनी ते पुण्यात पाहिलं होतं आणि नंदू भेंडेंच्या आवाजाबद्दल ते कित्येक वर्षं बोलत. नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्त्य धर्तीची गाणी एकाच नाटकात आली. आजीच्या पुस्तकातली 'चाल' फिरून आली म्हणा ना. प्रेक्षकाच्या कानात जे आहे त्यावरच नवे शब्द चढवायचे, हे गेचं मूळ तंत्र वाइलच्या जर्मन संगीतापेक्षा आपल्या तमाशात जास्त जवळून भेटतं, असं मला वाटतं. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये शिकु बुआर्केनंही याच गोष्टीवर 'ओपेरा दु मालांद्रु' केलं आणि पुढे रुय गेरानं त्याचा चित्रपटही केला. थिएटर ॲकॅडमीच्याच 'घाशीराम कोतवाल'वर १९७६मध्ये चित्रपट निघाला होता. जब्बार पटेलांनी स्वतः 'जैत रे जैत'सारखा गाण्यांनी भरलेला चित्रपट केला होता. 'तीन पैशाचा तमाशा' मात्र रंगमंचावरच राहिला.

तो पडद्यावर यावा असं मला फार वाटतं. तुमच्यापैकी कुणी सिनेमा करणारं असेल, किंवा सिनेमा करणाऱ्याला ओळखणारं असेल, तर माझी एकच विनंती सांगा. माफी काढू नका. बँक नको, फाशी नको, नोकरी नको. घोडेस्वार येऊ दे, घोड्याच्या टापांसकट येऊ दे, ढोलकी वाजू दे, लोकांना शिट्ट्या मारू दे. फक्त त्या गर्दीत कुठेतरी पहिल्या प्रवेशातली ती वही एकदा दाखवा. टॉम गॅगचं नाव, पुढे चाळीस पौंड. कॅमेऱ्याला थांबायला आवडत नाही म्हणतात, पण तिथे दोन क्षण थांबवा.

नवरा म्हणतो, असा सिनेमा चालणार नाही. लेक म्हणते, ती तिकीट काढून येईल. मी तिच्या बाजूनं आहे. आता तुमचं उत्तर कळवा.